खाणारे आणि न खाणारे

मराठीतील ‘खाणे’ हे क्रियापद आपल्याकडे एका विशेष अर्थाने वापरले जाते. ‘तुम्ही खाता का?’ असे कोणी विचारले, तर नवख्या माणसाला वाटावे, की आता पोह्यांची बशी पुढे येणार. पण आपल्याला प्रश्नाचा रोख बरोबर कळतो. विचारणाऱ्याच्या मनात मटण, मासे आणि फार तर अंडी एवढेच असते. वरणभात, पुरणपोळी, श्रीखंड हे पदार्थ जणू खाण्यात जमाच होत नाहीत! सदाशिव पेठेत ‘कॉट बेसिस’वर जागा शोधत हिंडलेल्या आपल्या कोणत्याही वर्गमित्राला विचारून पाहा. भाडे किती, अनामत किती, रात्री दार किती वाजता बंद होते, ही बोलणी मागाहून. पहिला प्रश्न पुष्कळदा हाच असतो.

त्यामुळे माणसांचे दोन वर्ग पडले आहेत : खाणारे आणि न खाणारे. पंगत मांडण्याच्या सोयीसाठी ही विभागणी ठीक आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याला जे रुचेल, ज्याच्या घरी जे चालत आले असेल, ते त्याने खावे. पण हीच विभागणी दवाखान्याच्या पायऱ्या चढून आत जाते आणि रोगाचे निदान करू लागते, तेव्हा मात्र तिच्याकडे जरा निरखून पाहावे लागते. गेली दीड-दोन वर्षे आमच्या घरावर तशी वेळ आली आहे.

आम्ही खाणारे. कसबा पेठेतील एक जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड आहे. आजी, अण्णा, आई, धाकटी बहीण आणि मी अशी पाच माणसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, भोसरीच्या एका कारखान्यात पाळीवर जातात. आठवड्याचे सहा दिवस त्यांचे जेवण डब्यातले. दुपारी आम्हा सर्वांबरोबर ते जेवायला बसत ते फक्त रविवारी. आणि रविवार म्हणजे मटण. सकाळी साडेसातला स्टीलचा डबा पिशवीत घालून ते बाहेर पडत. ठरलेल्या खाटकाच्या दुकानापुढे तोवर रांग लागलेली असे. ‘मांडीचं द्या, चार चापा टाका, एक नळी, थोडं काळीज’ ही त्यांची मागणी मला लहानपणापासून पाठ आहे. घरी आल्यावर आजी मटणाला हळद-मीठ लावून ते शिजत घाली, आणि त्या पहिल्या शिजवणीचे अळणी पाणी आम्हा भावंडांना वाटीतून मिळे. तिकडे आई कांदा-खोबरे भाजून वाटण करी. साडेबारा वाजता भाकरी, सुके, रस्सा आणि वर तर्रीचा लाल तवंग! या एका जेवणावर आमच्या घराचा आठवडा तोललेला असे, असे म्हटले तरी चालेल.

पण खाणाऱ्यांच्या घरी रोज खाल्ले जाते, ही न खाणाऱ्यांची समजूत मात्र खरी नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी आमच्याकडे पाळली जाते. आषाढात हात सैल सुटला, तरी श्रावण लागला की भांडीसुद्धा वेगळी होतात. मी एकदा हिशेब करून पाहिला. वर्षाचे रविवार बावन्न. त्यांतून श्रावणाचे चार-पाच, गणपतीचा एक, नवरात्राचा एक, शिवाय एकादशी किंवा चतुर्थी नेमकी रविवारी आली तर ते, असे वजा जाता उरतात चाळीस-बेचाळीस. आमच्या आजीने आहारशास्त्राचे पुस्तक कधी पाहिले नाही. पण माप ठेवण्याची एक रीत तिच्या पंचांगात होती.

आमच्या इमारतीत दीड वर्षाच्या अंतराने दोघांना हृदयविकाराचा झटका आला. पहिला पहिल्या मजल्यावरच्या काकांना. काका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, जन्मभर शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही वर्ज्य. त्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली. इमारतीतील सारी माणसे त्यांना भेटून आली, आणि जिना चढताना जो तो म्हणाला, ‘नशीब, दुसरं काय! एवढा सात्त्विक माणूस. पण भोग कुणाला चुकलेत?’

दुसरा झटका आमच्या अण्णांना आला. वय बावन्न. रात्रपाळीला असताना दरदरून घाम फुटला, डावा हात आणि जबडा दुखू लागला. सोबत्यांनी वेळेवर नेले म्हणून निभावले. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. पुन्हा सारी माणसे भेटायला आली. या वेळी नशिबाचे नाव कोणी काढले नाही. ‘खाण्यापिण्यावर जरा ताबा पाहिजे होता हो,’ असे कोणी म्हणाले. ‘दर रविवारी म्हणजे जरा जास्तच,’ असे दुसरे कोणी म्हणाले. पहिल्या मजल्यावरच्या काकू आईचा हात धरून म्हणाल्या, ‘वहिनी, आता तरी ते बंद करा.’ काकूंच्या मनात काडीचाही दुष्टावा नव्हता. आठ दिवस दोन्ही वेळेला मऊ खिचडीचा डबा त्यांनीच पाठवला होता. पण एकाच रोगाची दोन कारणे एकाच जिन्यावर ठरली होती : काकांना नशीब लागले, अण्णांना मटण.

आईने कोणालाच उत्तर दिले नाही. रात्री दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या ती मला एवढेच म्हणाली, ‘मीच करून घालत होते ना रे?’

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर पथ्ये लिहिली होती. त्यात ‘लाल मांस टाळावे, चिकन चालेल’ अशी एक ओळ होती. ‘लाल मांस’ हा शब्दच आमच्या घरात नवा. आजी म्हणाली, ‘मटण लाल कुठं असतं? शिजल्यावर करडंच होतं की!’ तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण मला आईच्या प्रश्नाचे उत्तर हवे होते. ‘नशीब’ हेही नको होते आणि जिन्यावरचा निवाडाही नको होता. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी अशा वेळी माणसाला शाखा सोडून वाचावे लागते. वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारले, आणि जे हाती लागले ते येथे मांडतो आहे.

आधी आजीच्या शंकेविषयी. मांसाचा तांबडेपणा मायोग्लोबिन नावाच्या लोहयुक्त प्रथिनामुळे येतो. स्नायूंत प्राणवायू साठवणे हे त्याचे काम. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर यांच्या स्नायूंत ते पुष्कळ असते, कोंबडीच्या छातीत अगदी थोडे. म्हणून पहिले सारे मांस लाल आणि कोंबडीचे पांढरे. शिजल्यावर मटणाचा रंग पालटतो, पण त्याचा वर्ग पालटत नाही.

या लाल मांसावर हृदयरोगाचा आळ येतो तो मुख्यतः चरबीमुळे. त्यातील संपृक्त चरबी रक्तातील ‘एलडीएल’ कोलेस्टेरॉल वाढवते. आपल्या यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण टिपून आत घेणारी जणू लहान लहान दारे असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना या कामाबद्दल १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संपृक्त चरबी भरपूर खाल्ली की ही दारे कमी होतात, एलडीएलचे कण रक्तात रेंगाळतात आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या अस्तरात शिरून बसतात. वर्षानुवर्षे तेथे गाठ धरत जाते. एखाद्या दिवशी ती गाठ फुटते, तिच्यावर रक्त साकळते आणि वाट बंद होते. अण्णांच्या रात्रपाळीत जे घडले ते हेच. पण त्याची तयारी बहुधा वीस-पंचवीस वर्षे चालू होती.

चरबीखेरीज दुसराही एक संशय आहे. लाल मांसात कार्निटिन नावाचे द्रव्य असते. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉ. स्टॅनले हेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले, की आतड्यातील जिवाणू या कार्निटिनपासून एक वायू तयार करतात, यकृत त्याचे ‘टीएमएओ’ नावाचे द्रव्य बनवते, आणि ते धमन्यांच्या रोगाला हातभार लावत असावे. हा हातभार किती, याबद्दल अजून वाद चालू आहे.

मोठ्या पाहण्याही झाल्या आहेत. हार्वर्डच्या संशोधकांनी सव्वा लाखाच्या आसपास स्त्री-पुरुषांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासून २०१२ साली निष्कर्ष छापला : रोज एक वाढप लाल मांस जास्त खाणाऱ्यांत मृत्यूचा धोका तेरा टक्क्यांनी अधिक, आणि तेच मांस सॉसेज, बेकन, सलामी अशा खारवलेल्या-टिकवलेल्या रूपात असेल तर वीस टक्क्यांनी अधिक. अशा पाहण्यांतून नुसता संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. मांस जास्त खाणारा माणूस सिगारेटही जास्त ओढत असेल, चालतही कमी असेल. संशोधक हिशेब करून ते वजा करतात, तरी थोडेफार राहतेच. तेव्हा मटण अगदी निर्दोष आहे, असे आईला सांगायला मी गेलो असतो, तर ते खरे ठरले नसते.

पण वरच्या वाक्यातील ‘रोज’ हा शब्द वाचकांनी पुन्हा एकदा पाहावा. तेथील ‘रोज’ आणि आमचा ‘रविवार’ यांत फार अंतर आहे. एक किलो मटण आणले, हाडांचे पावभर वजा केले, तर पाऊण किलो पाचांत वाटून माणशी दीडशे ग्रॅम होते, तेही कच्चे. भारतासह एकवीस देशांतील एक लाख चौतीस हजारांहून अधिक माणसांची ‘प्युअर’ नावाची पाहणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तीत आठवड्याला अडीचशे ग्रॅम किंवा अधिक साधे लाल मांस खाणारे आणि पन्नास ग्रॅमहून कमी खाणारे यांच्यात हृदयरोगाचा म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. टिकवलेल्या मांसाचे मात्र उलट : आठवड्याला दीडशे ग्रॅम किंवा अधिक खाणाऱ्यांत, ते अजिबात न खाणाऱ्यांपेक्षा, धोका सेहेचाळीस टक्क्यांनी जास्त. पुण्यात आजही रविवारची रांग ताज्या मटणासाठी लागते. पण आपल्या कॉलेजच्या आसपास सँडविचमध्ये सलामी आणि पावात सॉसेज घालून मिळू लागले आहे, आणि त्याला कोणी ‘मटण’ म्हणत नाही, हे आपण ध्यानात ठेवलेले बरे.

आणखी एक बाब प्राण्याची. इंग्रजी पुस्तकांतील ‘मटण’ मेंढीचे असते; आपल्याकडे बहुतेक बोकडाचे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम मेंढीच्या मांसात चरबी तेरा ग्रॅमच्या वर, तर बोकडाच्या निवडक मांसात साडेतीनच्या आसपास दिली आहे. मात्र त्याच तक्त्यात सुक्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅममध्ये चरबी बासष्ट ग्रॅम आहे, आणि तीही बहुतांश संपृक्त. आमच्या रस्श्यात अर्धी वाटी खोबरे, दोन पळ्या तेल आणि सीन्याची चरबी हे सारे एकत्र उकळत होते. तर्रीचा जो तवंग अण्णा हौसेने भातावर ओढून घेत, त्यात बोकडाचा वाटा किती आणि खोबऱ्या-तेलाचा किती, हे वेगळे करून सांगणे कठीण. शिवाय माणशी दीडशे ग्रॅम हा हिशेब कागदावरचा. आमच्याकडे वाढणाऱ्या हाताचे माप वेगळे. नळी अण्णांना, काळीज अण्णांना, चरबीचा गोळा अण्णांना. ‘दिवसभर राबतो माणूस’ म्हणून. त्यांच्या ताटात दुप्पट जात होते.

‘चिकन चालेल’ या ओळीचीही मी चौकशी केली. कॅलिफोर्नियातील डॉ. रोनाल्ड क्राउस आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना काही आठवडे लाल मांस, काही आठवडे कोंबडीसारखे पांढरे मांस आणि काही आठवडे डाळी-कडधान्यांसारखी वनस्पतिज प्रथिने देऊन रक्त तपासले. २०१९ साली निकाल आला तो असा, की एलडीएलच्या बाबतीत लाल आणि पांढरे मांस सारखेच, आणि कडधान्ये दोघांहून बरी. त्याच वर्षी अशा छत्तीस प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. लाल मांसाच्या जागी चांगली वनस्पतिज प्रथिने घेतली तर एलडीएल उतरते, हेच त्यातही दिसले. म्हणजे मटण सोडले की नाही, एवढे विचारून भागत नाही. त्याच्या जागी ताटात काय आले, हे विचारावे लागते. मटकीची उसळ आली तर लाभ आहे. बटाटेवडा आणि मैद्याची खारी आली, तर तो लाभ कोठून येणार?

येथवर मी खाणाऱ्यांचा विचार केला. पण पहिल्या मजल्यावरचे काका डोळ्यांपुढून हलत नव्हते. त्यांनी तर काहीच ‘खाल्ले’ नव्हते!

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी अठ्ठेचाळीस हजारांवर माणसांचा अठरा वर्षे मागोवा घेतला. २०१९ साली त्यांनी सांगितले, की शाकाहाऱ्यांत हृदयविकार मांस खाणाऱ्यांपेक्षा बावीस टक्क्यांनी कमी आणि पक्षाघात वीस टक्क्यांनी जास्त. शाकाहाराचा हृदयाला लाभ होतो, हे यावरून मान्य करावेच लागते. पण मग शाकाहारी माणसे पैशाला पासरी असलेल्या आपल्या देशात हृदयविकार कमी असायला हवा होता. तसे नाही. बावन्न देशांतील ‘इंटरहार्ट’ या अभ्यासावरून २००७ साली निघालेला निष्कर्ष असा, की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांना एकोणसाठाव्या. अण्णांचे बावन्न वय त्या सरासरीच्या अगदी जवळचे. त्याआधी कितीतरी वर्षे, १९६७ साली, पश्चिम रेल्वेतील डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. तूप-लोणी कितीतरी पट जास्त खाणाऱ्या उत्तरेतील माणसांपेक्षा दक्षिणेतील माणसांत हृदयविकाराचे मृत्यू सात पट अधिक, असे त्यांना आढळले. एकट्या चरबीच्या माथी सारे मारता येत नाही, ही शंका इतकी जुनी आहे.

या कोड्याचा एक धागा आपल्या पुण्यातच सापडला आहे. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण पुण्याच्या बाळांत जे कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि अवयव. कातडीखालची चरबी जवळजवळ टिकून होती. दिसायला काटकुळे आणि आतून चरबीचे, असे हे बाळ. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिकांनी आपला आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण चरबी युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! चरबीचा हा वारसा मधुमेहाकडे आणि हृदयविकाराकडे नेणारा आहे. आणि तो देताना कोणी ‘तुम्ही खाता का?’ असे विचारलेले नसते.

याच मंडळींचा दुसरा अभ्यास २००६ सालचा. पुणे परिसरातील खेडी, शहरातील झोपडपट्टी आणि मध्यमवर्गीय वस्ती यांतील ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. शंभरात सदुसष्टांना ‘बी-१२’ हे जीवनसत्त्व कमी; मध्यमवर्गीयांत तर शंभरात एक्क्याऐंशींना. शाकाहाऱ्यांत ही कमतरता असण्याची शक्यता चौपटीहून अधिक. बी-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. ते कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढते, आणि वाढलेले होमोसिस्टीन व हृदयविकार यांचा संबंध पुष्कळ अभ्यासांत दिसला आहे. हे वाचून खाणाऱ्यांनी मिशीला पीळ भरण्याचे मात्र कारण नाही. त्याच २००६ साली साडेपाच हजार रुग्णांवरच्या एका मोठ्या प्रयोगात गोळ्या देऊन होमोसिस्टीन उतरवले गेले. पण त्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. बी-१२ मज्जातंतूंसाठी आणि रक्तासाठी हवेच; पण ते म्हणजे हृदयाचे कवच नव्हे.

इतके वाचून झाल्यावर मी काका आणि अण्णा यांच्या आयुष्यांची मनातल्या मनात एक यादी केली. मटण एकाकडे होते, दुसऱ्याकडे नव्हते. मग दोघांकडे काय होते? दोघांचाही रक्तदाब वाढलेला आणि औषध अर्धवट. दोघांचीही नोकरी अशी, की चालणे बसच्या थांब्यापुरते. दोघांच्याही घरी चहाबरोबर फरसाण आणि खारी. वनस्पती तुपातील ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि उपयुक्त ‘एचडीएल’ उतरवते. सरकारने १ जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातील तिचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणले. पण या दोघांची निम्मी हयात त्याआधी सरली होती. आणि दोघांच्याही खिशात तंबाखूची पुडी व चुन्याची डबी. अण्णा पंचवीस वर्षे, काका त्याहून अधिक. तंबाखू नुसती चघळणाऱ्यालाही हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून जास्त असतो, हे त्याच ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून २००६ साली पुढे आले आहे.

जिन्यावर झालेल्या चर्चेत पुडीचे नाव एकदाही निघाले नव्हते. कसे निघणार? मटणाचा वास जिन्यात दरवळतो आणि कोणाचे घर ते कळते. पुडी सगळ्याच मजल्यांवर आहे. तिच्यावरून खाणारा आणि न खाणारा ओळखता येत नाही. माणसे कारण शोधायला निघाली, की बहुधा शेजाऱ्याचे जे आपल्यापेक्षा वेगळे असेल तेथे पहिल्यांदा थांबतात. जे आपल्याही घरी आहे, त्यावरून नजर सहज घसरते. या नजरेची किंमत अण्णांपेक्षा आईने जास्त मोजली. चार महिने तिने वाटणाच्या भांड्याला हात लावला नाही, आणि रविवारी दुपारी आमच्या घरात कोणी फारसे बोलत नसे. काकांनाही ती किंमत मोजावी लागलीच. ‘नशीब’ म्हटल्यावर पुढे काही करायचे उरत नाही; बायपास झाल्यावरही त्यांची पुडी सहा महिने चालूच होती.

अखेर तपासणीच्या वेळी मी आईलाच बरोबर नेले आणि तिचा प्रश्न तिलाच विचारू दिला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांच्या उत्तराचा सारांश असा : पहिली गोष्ट तंबाखू, दुसरी रक्तदाबाची गोळी न चुकवणे, तिसरी रोज पाऊण तास चालणे, मटणाचा नंबर त्यानंतर. पण नंबर आहे. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाने चरबी, काळीज, गुर्दा, भेजा यांच्या वाटेला जाऊ नये. मांसाचे माप लहान ठेवावे. महिन्यातून एक-दोनदा, चार तुकडे, तर्री नको. ‘तुमच्या हातच्या रस्श्याने हे झालं, असं मी म्हणणार नाही,’ ते आईला म्हणाले, ‘पण इथून पुढचं पुष्कळसं तुमच्या हातात आहे.’

आता आमच्याकडे पंधरवड्यातून एकदा अर्धा किलो मटण येते. चरबी दुकानातच काढून घेतात. खोबरे चिमूटभर, तेल मोजून, आणि रस्सा निवल्यावर वर आलेला थर आई पळीने काढून टाकते. मधल्या रविवारी त्याच मसाल्यात मटकी किंवा हुलगे असतात. अण्णा पहिल्यांदा रुसले. आता ‘बरी झालीय’ म्हणण्यापर्यंत आले आहेत. पुडी सुटून वर्ष झाले. पहाटे ते आणि काका शनिवारवाड्याभोवती फेऱ्या घालतात. दोघांच्या औषधांच्या डब्यांत गोळ्या बहुतेक सारख्याच आहेत; काकांना तेवढी बी-१२ची इंजेक्शने जास्त. फेऱ्या घालताना दोघे एकमेकांना आपापले एलडीएलचे आकडे सांगतात, आणि ज्याचा आकडा कमी तो चहाचे पैसे वाचवतो.

मागच्या आठवड्यात काकू वर आल्या होत्या. ओट्यावर रस्सा होता. ‘वहिनी, परत सुरू केलंत?’ त्यांनी जरा काळजीनेच विचारले. आईने झाकण उघडून दाखवले. ‘माणशी चार तुकडे, काकू. मोजून. आणि तुमच्याकडचं फरसाण बंद झालं का?’ काकू हसल्या. मग दोघी बराच वेळ ओट्याशी उभ्या राहून तेलाचा महिन्याचा हिशेब करीत होत्या. काकूंकडे माणसे तीन आणि तेल पाच किलो. आमच्याकडे माणसे पाच आणि तेल साडेतीन किलो. त्या दिवशी खाली जाताना काकूंनी आमच्याकडची तेल मोजायची छोटी वाटी मागून नेली.